सहानंतर आठ

राजा पार्क, जयपूर
देवदिवाळीनंतरचा रविवार

प्रिय अनुया,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. राजनचं बीपी ताब्यात आहे, माझे गुडघे कुरकुर करतात पण जिना चढू देतात, आणि गच्चीवरचा तुझा कढीपत्ता माकडांनी ओरबाडूनही पुन्हा फुटलाय. (पूर्वी तुला लिहिताना मी राजनला 'बाबा' म्हटलं असतं. आता काय म्हणावं ते ठरेना, म्हणून सरळ नाव लिहितेय. तू समजून घे.) तुझे मेसेज मिळाले. पहिल्यांना मी लगेच उत्तरं दिली, पण शेवटच्याला दिलं नाही. निळ्या खुणा बघून तू मनाशी म्हणाली असशील, वाचलंय, पण बोलायचं नाही त्यांना. तसं नाही गं. फोनवर ते मला जमलं नसतं. एक तर मी रडले असते, नाही तर कढीपत्त्याबद्दलच बोलत बसले असते. म्हणून कागद घेतला. उत्तर देतेच, पण मधे काय काय झालं ते कळल्याशिवाय त्या उत्तराला चव येणार नाही.

आधी आपल्या त्या नळ्यांच्या घड्याळाचं सांगते. जन्माष्टमी नुकतीच झाली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि हॉलमधून राजन ओरडला, "प्रतिमा, हे सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीसवर जातंय!" मला वाटलं, चष्मा लावला नसेल. बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. सहा पस्तीस झाले, छत्तीस झाले, आणि मग शेवटची नळी विझली. एक अख्खं मिनिट तिथे नुसती काळी काच. मग अडतीस. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सगळे गायब. सात पेटतच नव्हता. राजन म्हणाला, "दोन-तीन दिवस झाले. मला वाटलं होतं आपोआप येईल."

घड्याळ बिघडलं याचं मला एवढं नवल वाटलं नाही. नवल याचं, की ते त्याच्या लक्षात आलं. वरुणपासून वेगळी होऊन तू गेल्यावर राजनने तुमच्या लग्नाचा फोटो स्वतः भिंतीवरून उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि मला म्हणाला, "आता हा विषय या घरात नको, प्रतिमा." रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो फार दमून म्हणाला गं. सून म्हणून तुला आणायला जो माणूस गेला होता, तोच तुला स्टेशनवर पोचवायलाही गेला होता, ते मी बघितलं होतं. मग मीही गप्प बसले. वरुणचा फोन आला की जेवलास का, ऑफिस कसं, दिल्लीकडे हवा कशी, एवढंच. दोन वर्षांत या घरात तुझं नाव काढलं ते फक्त शेजारच्या मधुमतीजींनी. "आपकी बहू बड़ी होशियार थी," असं त्या म्हणायच्या आणि त्यांच्या त्या 'थी'वर मी दार लावून घ्यायचे. पण फोटो उतरवणाऱ्या माणसाने घड्याळाला हात लावला नव्हता. मनगटावर घड्याळ, हातात मोबाईल, तरी सकाळी चहाचा कप घेऊन तो त्याच्यासमोरच बसायचा. मी कधी विचारलं नाही. उगाच विचारलं आणि तेही माळ्यावर गेलं तर?

तुला आठवतं का, तू त्या नळ्या पहिल्यांदा घरी आणल्यास तो दिवस? मला अजून तुझी भीती वाटत होती तेव्हा. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच वरुणला गुरुग्रामची नोकरी लागली, तुझं ऑफिस इथे झालान्याला, आणि ठरलं की तो शुक्रवारी येईल, सोमवारी जाईल, पुढचं पुढे बघू. म्हणजे घरात सून आहे आणि मुलगाच नाही. दिवसभर कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या मुलीशी आपण संध्याकाळी काय बोलायचं, या विचाराने मी भाजी निवडता निवडता विषय शोधून ठेवायचे. आणि एक दिवस तू सोडाल्याहून वर्तमानपत्राचं बोचकं घेऊन आलीस, अंडी आणावीत तसं छातीशी धरून. गोपीनाथजींच्या भंगाराच्या गोदामात कुठल्याशा प्रयोगशाळेतलं मोडकं मोजणीचं यंत्र तुला सापडलं होतं. डायनिंग टेबलवर तू कागद उलगडलास. अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्या, आणि प्रत्येकीत बारीक तारेचे शून्य ते नऊ आकडे, एकामागे एक उभे. तू म्हणालीस, याला निक्सी म्हणतात, पूर्वी यंत्रांवर आकडे असेच दिसायचे, आता सहसा कोणी बनवत नाही. ज्या आकड्याला वीज द्यावी तेवढाच पेटतो. तू दोन वायरी जोडल्यास आणि आतून पाच वर आला. शेगडीतल्या निखाऱ्यावर राख धरायच्या आधी असतो ना, तो रंग. मी म्हटलं, "अगं, हा जिवंतच आहे की!" तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी कुठली परीक्षा पास झाले.

त्यानंतर आपल्याला विषय शोधावा लागला नाही. सोल्डरिंगला गोपीनाथजी 'टांका लगाना' म्हणतात हे तू सांगितलंस तेव्हा मी हसले होते. टाके घालण्यातच माझा जन्म गेला, म्हटलं, आण इकडे. सुईचा हात तिथे कामाला आला. राळेचा तो धूर मला देवळातल्यासारखा वाटायचा आणि राजन शिंकत शिंकत गच्चीवर जायचा. माझे टाके गोल, एकसारखे. तुझे घाईचे, शेपटी राहिलेले. तू चिडायचीस त्यावरून. आणि तो तुझा कडक नियम, वीज चालू असताना एक हात पाठीमागे. एकदा मी विसरले आणि असा झटका बसला की हातातला चिमटा थेट देव्हाऱ्यापाशी जाऊन पडला. तू मला खुर्चीत बसवून पाणी पाजलंस आणि मग तासभर रागावलीस. माझ्या आईनंतर मला तेवढं कोणी रागावलं नव्हतं. आत पावणेदोनशे व्होल्ट आहेत, हे काय फ्रिजचं बटण आहे का, तुम्हाला काही झालं असतं तर! मी खाली मान घालून ऐकत होते आणि आतून सुखावत होते, हे तुला आज सांगते. पेटी कशाची करायची यावर मी घेवर मिठाईचा रिकामा डबा पुढे केला, तेव्हा मात्र तुला हसू आवरेना. शेवटी माझ्या शिलाई मशीनचा खण काढला आणि त्यालाच भोकं पाडली.

वरुण शुक्रवारचा शनिवारी येऊ लागला. मग एखादा आठवडा चुकू लागला. ज्या दिवशी घड्याळ पुरं झालं त्या दिवशी तो यायचा होता. तू वांग्याचं भरीत केलं होतंस, त्याला आवडतं म्हणून. दुपारी त्याचा मेसेज आला. तू फोन पालथा ठेवलास आणि शेवटच्या नळीच्या वायरी जोडत बसलीस.  संध्याकाळी दिवा मालवून आपण ते चालू केलं. राजनही खुर्ची ओढून बसला, आणि आपण तिघं एक मिनिट बदलायची वाट बघत राहिलो. बदललं तेव्हा राजनने टाळी वाजवली. तू त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस, थोडा वेळच. पुढे तुमचं जे झालं त्यात मी वरुणला दोष देणार नाही, तुलाही नाही. तो माझा मुलगा आहे. वाईट नाही तो. तो त्याच्या जागी रमला, तू तुझ्या जागी थांबलीस, आणि मधल्या रस्त्यावर कोणीच भेटलं नाही. एवढंच मला समजलं. बाकीचं तुमचं तुम्हाला माहीत.

तर ऑगस्टमध्ये तो सात गेला. मी घड्याळ पिशवीत घालून राजा पार्कच्या दुकानात नेलं. तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, इसे फेंको, एलईडी वाली ले लो." मी ते तसंच परत आणलं. राजनने दार उघडलं, पिशवीत डोकावला आणि शिडी घेऊन आला. जाताना तू ठेवून गेली होतीस ती हत्यारांची पेटी माळ्यावर होती, त्या चादरीच्या शेजारीच. ती त्याने खाली काढली, टेबलवर ठेवली आणि हातात टॉर्च धरून उभा राहिला, डॉक्टरांपुढे नर्स उभी राहते तसा. मी प्लग काढला. पण आत वीज साठून राहते असं तू सांगितलं होतंस, किती वेळ ते मला आठवेना. तो झटका आठवत होता. मी हात मागे घेतला. आणि राजन म्हणाला, "अनुयाला विचार की."

इतकं सहज म्हणाला गं. मीठ संपलं, आण की, असं म्हणावं तसं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो टॉर्चचा सेल तपासत होता.

मग मी तुला लिहिलं: प्लग काढल्यावर किती थांबायचं? तुझं उत्तर आलं तोवर चहा उकळलासुद्धा नव्हता. 'दहा मिनिटं. तरी एक हात पाठीमागे. काय बिघडलंय?' मी लिहिलं, सात. तू लिहिलंस, 'शेजारच्या नळीशी अदलाबदल करून बघा. त्या जागी तरीही सात पेटला नाही तर नळी चांगली आहे, टाका सुटलाय.' राजन माझ्या खांद्यावरून प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचत होता, मला वाचता येत नसल्यासारखा. नळी बदलली. त्या जागी तरीही सात पेटेना. मग बोर्ड उलटा करून बघितलं, तर निळ्या वायरीचा टाका सुटलेला. शेपटीवाला होता. कोणाचा ते मी ओळखलं, आणि कुठल्या दुपारचा तेही. नवा टाका घातला, थंड होऊ दिला, घड्याळ लावलं. सव्वीस, सत्तावीस. राजन म्हणाला, "कळव तिला." आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

मग दिवाळी झाली, आणि तुझा तो मेसेज आला. मी मटार सोलत होते. वाचला, पुन्हा वाचला, फोन टेबलवर ठेवला आणि उरलेले मटार सोलले. सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकले हे नंतर लक्षात आलं. राजनला सांगायचं धाडस झालं नाही. घड्याळाबद्दल विचारणं वेगळं, आणि हे वेगळं. पण हात स्वस्थ बसेनात. तुझ्या पेटीत अर्धवट राहिलेला दुसरा बोर्ड होता, तो घेऊन बसू लागले. कोणासाठी, असं राजनने विचारलं नाही. तुझ्या आकृत्या बघून एकेक वायर लावत गेले. आणि मग कळलं की पेटीत उरलेल्या नळ्यांमधल्या एकीला तडा गेलाय. नवी हवी.

सोडाल्याला मी एकटीच जाणार होते, पण राजन मफलर गुंडाळून तयार. गोपीनाथजींनी मला ओळखलं. आतून खोकी काढता काढता त्यांनी विचारलं, "बहूजी नहीं आईं भाभीजी? बहुत दिन हो गए." मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. तेवढ्यात राजन शांतपणे म्हणाला, "उनकी शादी है अगले महीने. उसी के लिए ले जा रहे हैं." माझा हात पर्समध्येच राहिला. गोपीनाथजींनी राजनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मनात काहीतरी हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला. मग गमछ्याने नळी पुसली, चालू करून दाखवली आणि कापसात गुंडाळून देताना म्हणाले, "बहुत बधाई हो जी."

ऑटोत रामबाग सर्कल येईपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंना बघत होतो. मग तो म्हणाला, "मला कधी सांगणार होतीस? फोन टेबलवर उघडा टाकून मटार सोलतेस." मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास, हा विषय नको." "म्हणालो होतो," तो म्हणाला. ऑटोवाल्याने ब्रेक मारला, कापसातली नळी मी पोटाशी धरली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हा कौशिक करतो काय?" मी म्हटलं, "जनावरांचा डॉक्टर आहे, असं लिहिलंय तिने." राजनने विचार केला. "बरं आहे. म्हणजे सोशिक असणार." आणि त्यावर आम्ही दोघं असे हसलो की ऑटोवाला आरशातून बघू लागला.

वरुणशी मीच बोलले. त्याच्यापासून लपवून काही करायचं नव्हतं. तुझ्या लग्नाचं त्याला तुझ्याकडून कळलं होतंच. पण त्याच्या आईला तू काय विचारलंस ते त्याला माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्याने टीव्ही बंद केल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाला, "आई, मला विचारून ठरवू नकोस. मी हो म्हटलं तरी मला त्रास होईल आणि नाही म्हटलं तर जास्त होईल." मी म्हटलं, "तुला वाईट वाटणार असेल तर…" तर तो म्हणाला, "वाईट वाटेल. वाटू दे. मी येईन पुढच्या आठवड्यात, भरीत करून ठेव." काल येऊन गेला. नव्या घड्याळाची पेटी त्यानेच घासून गुळगुळीत करून दिली. कोणाचं आहे ते त्याला माहीत होतं. जाताना म्हणाला, पॉलिश दोन हात दे, प्रवासात ओरखडे येतील. मी त्याला पोटाशी धरलं. यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागू नये, असं मला वाटलं.

आणि राजनचं ऐक. परवा मी कपाटातून त्याचा काळा कोट काढला, उन्हात टाकायला. वरुणच्या लग्नात घातला होता तो. त्याने हातातून घेतला आणि परत टांगला. म्हणाला, "हा नको. त्या दिवशीचा आहे. मी नवा शिवतो." आणि खरंच माप देऊन आला. या वयात, करड्या रंगाचा. शिंपी म्हणाला म्हणे, "साहब, घर में शादी है?" राजनने हो म्हणून सांगितलं.

तर अनुया, तू विचारलं होतंस, 'लग्नाला याल का? अवघड वाटलं तर मी समजून घेईन.' एवढं उत्तर द्यायला मी इतके कागद भरले. आम्ही येतोय. दोघंही. पुण्याच्या गाडीची तिकिटं काढली आहेत, आदल्या दिवशी सकाळी पोचू, आणि घड्याळ मी मांडीवर घेऊन बसणार आहे, सामानात टाकणार नाही. फक्त कौशिकच्या घरच्यांना आणि तुझ्या आईला आमचं येणं खुपणार नाही ना, हे एकदा नीट विचारून घे. कोणाचा चेहरा उतरणार असेल तर मला मोकळेपणाने कळव, आम्ही नंतर कधीतरी येऊ, रुसणार नाही. नाही तर मग मांडवात कोणी विचारलं की तुम्ही कोणाकडच्या, तर मी मुलीकडची म्हणून सांगणार आहे, आणि त्यापुढे एक शब्द बोलणार नाही. अजून एक. तुझ्या मेसेजवर वर काहीच लिहिलेलं नव्हतं, आई नाही, काकू नाही, नुसता नमस्कार. तू काय काय लिहून खोडलं असशील ते मला दिसलं. त्याचा घोर लावून घेऊ नकोस. तिथे तुझ्या तोंडी जी येईल ती हाक मार. मी ओ देईन.

तुझीच,
प्रतिमा